नेट अडखळतंय? आधी भिंतीतली केबल तपासा

न्यू जर्सीत रविवारी सकाळचे नऊ वाजले की उन्हाळ्याच्या दिवसांत माळव्यात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. तिकडे चहा झालेला असतो, इकडे दिवेलागण. परदेशी गेलेली मुलं आणि धार-देवासकडचे आई-बाबा, दोघांनाही सोयीची अशी ही वेळ. कॉल लागतो, नातवंडं समोर येतात, आजी काहीतरी सांगायला लागते आणि चित्र थिजतं. आवाज तुटतो. "ऐकू येतंय का?" असं चार वेळा विचारून झालं की कुणीतरी म्हणतं, "ठेवू का मग? नंतर बोलू." ते नंतरचं बोलणं पुढच्या रविवारवर जातं.

अशा वेळी आपण काय करतो? राउटर बंद-चालू करतो. इंटरनेट कंपनीला दोष देतो. पुढच्या महिन्यात जास्त वेगाचा प्लॅन घेतो, नाहीतर नवा राउटर मागवतो. आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

खरं म्हणजे लांबचा रस्ता आता बराचसा बांधून झालाय. तिरला हे धार जिल्ह्यातल्या एका विकासखंडाचं मुख्य ठिकाण. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे 'भारतनेट' हे नाव मिळालेल्या सरकारी योजनेची आखणीच अशी आहे, की विकासखंडापासून ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं. अमेरिकेत तर बहुतेक शहरांत घराच्या दारापर्यंत जाड वेगाचं कनेक्शन मिळतं. पुष्कळदा अडखळतं ते उंबऱ्याच्या आत, शेवटच्या पन्नास फुटांत. आणि हे पन्नास फूट आपल्या हातातले असतात. ते तपासायचे कसे, हे आज पाहू. विशेषतः ज्यांच्या घरात नेटवर्क टीव्हीच्या काळ्या गोल केबलवरून, म्हणजे कोॲक्सियल केबलवरून, चालतं किंवा चालवायचं आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे.

मोक्का नव्हे, मोका!

अमेरिकेतल्या बऱ्याच घरांमध्ये प्रत्येक खोलीच्या भिंतीत टीव्हीची केबल आधीच घातलेली असते. नेटवर्कची वायर मात्र नसते. वाय-फाय तळघरातून दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दमतं. मग भिंती फोडण्याऐवजी त्याच टीव्ही केबलमधून नेट का नेऊ नये? या विचारातून २००४ साली काही कंपन्यांनी एकत्र येऊन एक संघ स्थापन केला. 'मल्टिमीडिया ओव्हर कोॲक्स अलायन्स' हे त्याचं नाव, त्याचं लघुरूप 'मोका'. आपल्याकडच्या मोक्का कायद्याशी याचा काही संबंध नाही, पण नाव लक्षात राहायला तो उपयोगी पडतो.

मोकाची छोटी डबी, म्हणजे अडॅप्टर, राउटरजवळच्या केबल पॉइंटला लावायची. दुसरी डबी लांबच्या खोलीतल्या पॉइंटला लावायची. तिच्यापुढे कॉम्प्युटर, टीव्ही किंवा वाय-फायचा दुसरा पॉइंट जोडायचा. आज बाजारात मुख्यतः मोका २.५ या पिढीच्या डब्या मिळतात. हे मानक २०१६ चं. एकूण २५०० एमबीपीएसपर्यंत वेग आणि एका नेटवर्कमध्ये १६ डब्या, अशी त्याची मर्यादा आहे. व्हेरायझनच्या फायॉस सेवेत तर हे तंत्र बऱ्याच वर्षांपासून वापरात आहे, त्यामुळे त्यांच्या अनेक राउटरमध्ये मोका आतच बसवलेलं असतं.

एकाच केबलमधून टीव्ही, इंटरनेट आणि घरातलं नेटवर्क हे तिन्ही कसं जातं? यासाठी आपल्या देवासचंच उदाहरण घ्या. तुकोजी आणि जिवाजी पवार या दोन भावांच्या दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत नांदल्या. दरबार दोन, हद्दी वेगळ्या, गाव एकच. केबलमध्येही तसंच आहे. केबल टीव्ही आणि केबल इंटरनेट साधारण १००२ मेगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यात राहतात, मोका ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात. प्रत्येकजण आपल्या हद्दीत राहिला तर भांडण नाही. मोकाच्या निम्म्या तक्रारी समजून घ्यायला एवढी एक गोष्ट पुरते: कुणीतरी हद्द ओलांडतंय का, किंवा वरच्या पट्ट्याची वाट कुणी अडवतंय का?

जुन्या इंजिनिअरांची युक्ती

केबलवरचं नेटवर्क ही नवी गोष्ट नाही. इथरनेटचा जन्म १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात झाला, तोही कोॲक्सियल केबलवरच. १९९० च्या दशकात आपल्याकडच्या कॉलेजांच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आणि बँकांमध्ये पातळ काळी केबल एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जाताना ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ती आठवत असेल. एका केबलची जास्तीत जास्त लांबी १८५ मीटर, तिच्यावर ३० मशीन, वेग १० एमबीपीएस. दोन्ही टोकांना ५० ओहमची टोपी, म्हणजे टर्मिनेटर, लावावाच लागे. मधला एक जोड सैल झाला तरी सगळी ओळ बंद!

मग दोष शोधायचे कसे? तीस मशीन एकेक करून तपासत बसणारा माणूस संध्याकाळपर्यंत तिथेच असे. जाणकार माणूस केबल मधोमध सोडवी, तिथे टोपी लावी आणि कोणतं अर्ध चालतंय ते पाही. जे अर्ध बंद, ते पुन्हा अर्ध करी. तीस मशीनांतला दोष पाच फेऱ्यांत हाती येई.

घरातल्या केबलसाठीही हीच युक्ती चालते. अंदाज करू नका, अर्ध करा. आणि दुसरा नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, स्प्लिटर आणि डबी तिन्ही एकदम बदलले आणि नेट सुरू झालं, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तिन्ही विकत घ्यावे लागतात.

पहिली तपासणी: दोष दाराबाहेर की दाराआत?

लॅपटॉप राउटरला वायरने जोडा. वाय-फाय बंद ठेवा. आता वेग मोजा आणि कागदावर लिहा. मग तोच लॅपटॉप लांबच्या खोलीत नेऊन मोकाच्या डबीला वायरनेच जोडा आणि पुन्हा मोजा.

राउटरजवळच वेग कमी असेल तर दोष बाहेरचा किंवा राउटरचा, कंपनीला फोन करा. राउटरजवळ चांगला आणि लांबच्या खोलीत वाईट असेल तर दोष घरातल्या केबलचा किंवा डब्यांचा. दोन्हीकडे वायरवर चांगला आणि फक्त मोबाइलवर वाईट असेल तर केबल निर्दोष आहे, त्रास वाय-फायचा आहे. दहा मिनिटांच्या या तपासणीने तीनपैकी दोन संशयित सुटतात.

वेळही लिहून ठेवा. दिवसभर एकसारखं वाईट असेल तर बहुधा जोडणी किंवा स्प्लिटर. पावसानंतर बिघडत असेल तर बाहेरच्या जोडात पाणी. फक्त संध्याकाळी बिघडत असेल तर मात्र आधी बाहेरची गर्दी किंवा शेजाऱ्यांचं वाय-फाय तपासा.

दुसरी तपासणी: दोन्ही डब्या शेजारी शेजारी

मोकाचा दिवा लागतच नाही, किंवा लागतो आणि जातो, अशी तक्रार असेल तर ही सर्वांत मोलाची पायरी. दोन्ही डब्या एकाच टेबलावर आणा. एका छोट्या, चांगल्या केबलने त्या थेट एकमेकींना जोडा. मध्ये भिंत नाही, स्प्लिटर नाही. दोन मिनिटं थांबा.

दिवा लागला तर डब्या ठीक आहेत आणि दोष भिंतीतल्या केबलमध्ये आहे. आता डब्या बदलण्याचा विचार मनातून काढून टाका. दिवा लागला नाही तर केबलला हात लावू नका. डब्यांचे वीज अडॅप्टर तपासा, दोन्हींचा पासवर्ड एकच आहे का पाहा. एका डबीवर पासवर्ड घातलेला आणि दुसरीवर नाही, असं असेल तर त्या एकमेकींना ओळखतच नाहीत. शंका आल्यास दोन्ही डब्या कारखान्यातल्या मूळ स्थितीत आणून पुन्हा जोडा आणि चालू झाल्यावर नवा पासवर्ड दोन्हींवर घाला.

तिसरी तपासणी: केबलचा नकाशा आणि स्प्लिटर

दोष केबलमध्ये आहे हे ठरलं की कागद-पेन्सिल घ्या. घरातले सगळे टीव्ही पॉइंट काढा: हॉल, झोपायची खोली, अभ्यासाची खोली, तळघर. मग सगळ्या केबल जिथे एकत्र येतात ती जागा शोधा. ती तळघरात, माळ्यावर, कपाटात किंवा बाहेरच्या भिंतीवरच्या पेटीत असते. तिथे स्प्लिटर दिसेल: एक केबल आत, दोन-चार-आठ केबल बाहेर. कोणती केबल कोणत्या खोलीची हे ओळखून तिला कागदी चिठ्ठी बांधा.

स्प्लिटर म्हणजे वाटेकरी. दोन वाटांच्या स्प्लिटरमधून जाताना सिग्नल साधारण ३.५ डेसिबल कमी होतो, म्हणजे निम्म्याहूनही कमी उरतो. चार वाटांच्या स्प्लिटरमधून पाचवा हिस्सा उरतो, आठ वाटांच्या स्प्लिटरमधून जेमतेम बारावा. शिवाय मोकाला आणखी एक अडचण असते. टीव्हीचा सिग्नल बाहेरून आत येऊन फांद्यांत वाटला जातो, पण मोकाला एका फांदीतून दुसऱ्या फांदीत उडी मारायची असते. टीव्हीसाठी केलेला जुना स्प्लिटर नेमकी हीच उडी मुद्दाम अडवतो, कारण एका टीव्हीचा त्रास दुसऱ्याला होऊ नये अशी त्याची रचना असते.

म्हणून स्प्लिटरवर छापलेले आकडे वाचा. '५ ते ९००' किंवा '५ ते १०००' मेगाहर्ट्झ लिहिलं असेल तर तो जुन्या जमान्यातला. मोकाचा पट्टा ११२५ पासून सुरू होतो, म्हणजे या स्प्लिटरने त्याच्यासाठी दारच ठेवलेलं नाही. कधी तरीही चालतं, पण लंगडत. '५ ते १६७५' असं लिहिलेला, मोकासाठी बनवलेला स्प्लिटर आणा.

मग नकाशाकडे पाहून कात्री लावा. ज्या खोल्यांत काहीच जोडलेलं नाही त्यांच्या केबल स्प्लिटरवरून सोडवा. स्प्लिटरच्या मागे स्प्लिटर, त्याच्या मागे तिसरा, अशी माळ असेल तर एकच ठेवा. जितक्या खोल्या लागतात तितक्याच वाटा असलेला घ्या. एखादी वाट रिकामी राहिलीच तर तिच्यावर ७५ ओहमची टोपी घाला, म्हणजे सिग्नल तिथे आपटून परत फिरणार नाही. आणि घरात केबल टीव्ही आणि केबल इंटरनेट दोन्ही नसेल, फक्त दोन खोल्याच जोडायच्या असतील, तर सर्वांत उत्तम उपाय म्हणजे स्प्लिटर काढूनच टाका. दोन खोल्यांच्या दोन केबल एका साध्या जॉइंटरने एकमेकींना जोडा.

चौथी तपासणी: पिना, जाळी आणि पाणी

स्प्लिटर ठीक असूनही वेग कमी असेल तर केबलची टोकं पाहा. केबलच्या मध्यभागी तांब्याची एक तार असते, तिच्याभोवती पांढरा फेस, त्यावर धातूची जाळी आणि सगळ्यांवर काळं आवरण. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी काम संपलं. मधली तार वाकलेली, फार आखूड कापलेली किंवा काळी पडलेली नसावी.

हाताने पिळून बसवलेली किंवा पक्कडीने दाबलेली पिन लगेच संशयित धरा. दाबयंत्राने पक्की बसवलेली पिन वर्षानुवर्षं टिकते. पिन हाताने पूर्ण फिरवा आणि मग ११ नंबरच्या पान्याने हलकासा अर्धा आटा द्या. फार आवळलं तर भिंतीवरच्या पॉइंटचा आटा मोडतो. घराबाहेरच्या जोडावर हिरवट थर दिसला तर पाणी शिरलंय. तो जोड पुसून चालत नाही, केबल थोडी मागे कापून नवी पिन बसवावी लागते. बाहेरची केबल भिंतीत शिरण्याआधी खाली झोका घेऊन वर जाईल अशी ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकेल, आत येणार नाही.

केबलवर छापलेलं नावही पाहा. 'आरजी ६' असेल तर उत्तम. 'आरजी ५९' जुनी आणि बारीक, तिच्यात वरच्या पट्ट्यातला सिग्नल जास्त झिजतो. छोट्या अंतरात ती चालून जाते, लांब अंतरात नाही.

पाचवी तपासणी: फिल्टर, ॲम्प्लिफायर आणि दोन कारभारी

बाहेरची केबल घरात शिरते त्या जागी, पहिल्या स्प्लिटरच्या आधी, बोटाएवढा एक फिल्टर लावायचा असतो. तो टीव्ही आणि इंटरनेटला आत येऊ देतो, पण मोकाचा सिग्नल बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे आपलं नेटवर्क शेजाऱ्यांच्या केबलपर्यंत पोचत नाही. शिवाय परत फिरवलेला सिग्नल घरातल्या इतर खोल्यांना मिळतो, म्हणून वेगही सुधारतो. हाच फिल्टर चुकून दोन डब्यांच्या मध्ये कुठेतरी लागला असेल, तर मात्र तो त्या दोघींनाच एकमेकींपासून तोडतो. नकाशावर फिल्टरची जागा बोटाने दाखवता आली पाहिजे.

नव्या पिढीच्या केबल मोडेमपैकी काही १००२ मेगाहर्ट्झच्या वर, १२१८ पर्यंत ऐकतात. म्हणजे मोकाची हद्द आणि त्यांची हद्द एकमेकींवर चढते. मोका लावल्यावर मोडेमच अडखळू लागला, तर मोडेमच्या केबलवर असाच एक वेगळा फिल्टर लावून पाहा.

टीव्हीसाठी लावलेला सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायरही तपासा. 'वाढवणारा' म्हणून तो मदत करेल असं वाटतं, पण जुने ॲम्प्लिफायर १००० मेगाहर्ट्झच्या वरचं काहीच पुढे जाऊ देत नाहीत. गरज नसेल तर तो काढा, गरज असेल तर मोकाला वाट देणारा घ्या.

केबल पूर्ण निर्दोष, मोकाचे दिवे लागलेले, तरी सगळं घर ठप्प? तर दोन शक्यता. पहिली, राउटरमध्ये मोका आधीच आहे आणि तुम्ही त्याच्याजवळ आणखी एक डबी लावलीत. राउटर केबलनेही जोडला आणि वायरनेही, त्यामुळे माहिती गोल गोल फिरत राहते आणि नेटवर्क गुदमरतं. डबी काढा किंवा राउटरमधलं मोका बंद करा. दुसरी, लांबच्या खोलीत जुना राउटर वाय-फाय पॉइंट म्हणून लावलाय आणि तोही पत्ते वाटत बसलाय. एका घरात दोन कारभारी झाले की कुणाचं ऐकायचं हे मोबाइलला कळत नाही. जुन्या राउटरला त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन 'ॲक्सेस पॉइंट' करा, म्हणजे कारभार एकाकडेच राहील.

हेच माळव्यातल्या घरी चालेल का?

काही मुलं सुट्टीला येताना डब्यांची जोडी बॅगेत घालून आणण्याचा विचार करतात. जुन्या वाड्याच्या दोन-दोन फुटी भिंती, वाय-फाय ओसरीवरच संपतं आणि डिशची केबल तर वरच्या खोलीपर्यंत गेलेलीच आहे! थांबा, इथे तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, डिशची केबल वापरू नका. छतावरच्या डिशपासून सेट-टॉप बॉक्सपर्यंत येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो. मोकाचा अख्खा पट्टा त्याच्या पोटात येतो. शिवाय त्याच केबलमधून सेट-टॉप बॉक्स डिशला १३ किंवा १८ व्होल्टची वीज पाठवतो. टीव्ही जाईल, नेट चालणार नाही आणि डबीलाही धोका.

दुसरी, केबलवाल्या भैयांची लाइन वापरायची असेल तर ती बाहेरून पूर्ण तोडलेली हवी. आपल्याकडची लाइन खांबावरून अनेक घरांत फिरते. ती तशीच जोडलेली ठेवून मोका लावलं तर आपलं घरगुती नेटवर्क गल्लीत वाटल्यासारखं होईल. टीव्ही आता मोबाइलवर किंवा फायबरवर पाहता आणि जुनी केबल हॉलपासून माडीपर्यंत नुसतीच पडून आहे, दोन्ही टोकं मोकळी आहेत, तरच ती कामाची. आणि जुनी केबल हाताळताना बोटांना झिणझिण्या आल्या तर लगेच हात काढा. जाळीत कुठून तरी वीज उतरतेय, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

तिसरी, मृगाच्या विजा. छतावरून किंवा खांबावरून आलेली केबल ही विजेच्या धक्क्याला घरात यायची वाट असते. आभाळ गडगडायला लागलं की डबीचा प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवायची सवय घरातल्यांना लावा.

यातलं काहीच जमत नसेल तर खंत नको. तिरल्यासारख्या ठिकाणी, जिथे वायरिंग बहुतेक वेळा भिंतीवरच्या पट्टीतून जातं, तिथे नवी कॅट ६ वायर टाकणं अमेरिकेतल्यापेक्षा पुष्कळ सोपं आहे. पट्टीतून एक वायर माडीवर न्या, तिथे वाय-फायचा दुसरा पॉइंट ठेवा. डब्या, स्प्लिटर, फिल्टर काहीच लागत नाही. मोका चांगलं आहे ते जिथे भिंती बंद आहेत आणि केबल आधीच आत आहे तिथे.

फोनवरून दुरुस्ती करताना

आपल्या पिढीच्या वाट्याला एक बिनपगारी नोकरी आली आहे: घरच्यांची तांत्रिक मदत. ती करताना भाषा सांभाळली तर निम्मं काम होतं. "आई, राउटर रिबूट कर आणि मोडेमचं स्टेटस सांग," असं म्हटलं की पलीकडून उत्तर येतं, "अगं, मला नाही कळत त्यातलं, बाबा आले की बघू." आणि बाबाही तेच म्हणतात. त्याऐवजी असं बोलून पाहा:

"आई, टीव्हीखाली पांढरी डबी आहे ना, तिच्यावर किती दिवे लागलेत?"

"तीन. एक लुकलुकतोय."

"वरून कितवा?"

"दुसरा. हिरवा आहे."

एवढ्यावरून दोष डबीच्या अलीकडे की पलीकडे हे कळतं. आईने तपासणीचं निम्मं काम केलेलं असतं, आणि तिला तिचं तिलाच कळतं की हे काही अवघड नव्हतं. आपल्याकडच्या मोठ्यांना तंत्रज्ञान जमत नाही, असं आपण फार चटकन ठरवून टाकतो. पुष्कळदा त्यांना जमत नाही ती आपली इंग्रजी नावं. दिवे मोजणं, केबल घट्ट करणं आणि काय बदललं ते वहीत लिहिणं त्यांना आपल्यापेक्षा नीट जमतं. डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायचं असेल, पेन्शनचं हयातीचं प्रमाणपत्र घरूनच द्यायचं असेल, त्या दिवशी आपण झोपेत असू शकतो. तेव्हा त्यांना आपली वाट पाहायला लागू नये.

म्हणून पुढच्या भेटीत एक काम आवर्जून करा. घरच्यांना बरोबर घेऊन केबलचा नकाशा काढा, मराठीत नावं घाला, प्रत्येक केबलला चिठ्ठी बांधा आणि नकाशा राउटरजवळच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. त्याखाली तीनच ओळी लिहा: आधी राउटरजवळ वेग पाहा. मग दिवे मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदला. न्यू जर्सीतल्या घरातही असाच एक कागद लावा. दोन्ही घरांत तो असेल तर दोष शोधायला दुपार घालवावी लागणार नाही, आणि रविवारचा कॉल पुढच्या रविवारवर जाणार नाही.